वातुलेकावर कोणी राहत नाही

पोहता न येणाऱ्या माणसाने भूगोल शिकवू नये, असा काही नियम आमच्या फिजीत नाही. असता तर सव्वीस वर्षांपूर्वीच माझी नोकरी गेली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं.

झालं असं, की लौटोकाच्या आमच्या शाळेत लितिया नावाची नवी बाई विज्ञान शिकवायला रुजू झाली. एका मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये नववीच्या वह्या तपासत बसलो होतो. ‘निर्जन बेटाचे एक उदाहरण द्या’ या प्रश्नाला अख्ख्या वर्गाने ‘वातुलेका’ असं बिनचूक उत्तर लिहिलं होतं. असं एकमुखी यश आलं की शिक्षकाला स्वतःबद्दल जरा बरं वाटतं. मला ते वाटायला नुकतीच सुरुवात झाली होती. तेवढ्यात लितियाने मान वाकवून वहीत पाहिलं आणि म्हणाली, “सर, हे चूक आहे.”

“काय चूक आहे?”

“वातुलेका निर्जन नाही. माझे मामा राहतात तिथे.”

“एकटेच?” मी विचारलं. एकटाच माणूस राहत असेल तर बेटाला निर्जन म्हणावं की नाही, याबाबत भूगोलात थोडी सवलत मिळू शकते.

“एकटे कशाला? गाव आहे, सर. मामा गावचे मुखिया आहेत. चर्च आहे, केळी आहेत, व्हॉलीबॉलचं जाळं आहे.”

जाळ्यापाशी मी लाल पेनाला टोपण लावलं. एकट्या माणसाला व्हॉलीबॉलचं जाळं लागत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करतो. ‘वातुलेका निर्जन आहे’ हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते मीच लिहिलेलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी आमच्या किनाऱ्यासमोरच्या बेटांचा मोठा रंगीत नकाशा काढला. वातुलेकाचा नंबर आला तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती आणि प्रदर्शन सोमवारी होतं. मी धक्क्यावर जाऊन दुर्बिणीतून तब्बल वीस मिनिटं निरीक्षण केलं. माणूस दिसला नाही, धूर दिसला नाही. मग मी सुबक अक्षरात ‘निर्जन’ असं लिहून मोकळा झालो. नकाशाला पहिलं बक्षीस मिळालं. त्याच्या प्रती निघाल्या. एक आमच्या शाळेत लागली. बाकीच्या कुठे गेल्या याची मी कधी चौकशी केली नाही.

त्या रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, “फुलमती, शनिवारी आपण वातुलेकाला जाऊन येऊ. सकाळी जायचं, संध्याकाळी परत.”

तिने डाळीची वाटी खाली ठेवली. “अहो, तुम्हाला घोटाभर पाण्यात चक्कर येते.”

“शास्त्रीय प्रश्न आहे.”

“मग पत्र लिहून विचारा.”

पण मला बघायचंच होतं. राग आला होता म्हणून नव्हे. राग दुसऱ्या दिवशीच ओसरला. नंतर उरली ती नुसती उत्सुकता, आणि ती काही स्वस्थ बसू देईना. एवढ्याशा खडकावर माणसं राहतात म्हणजे पितात काय? ना नदी, ना ओढा. मी तो नकाशा पुन्हा पुन्हा बघायला लागलो. ज्या ठिपक्याला मी एका शब्दात निकालात काढलं होतं, तिथे कोणीतरी व्हॉलीबॉल खेळत होतं.

आमचे शेजारी रऊफभाई. चाळीस वर्षं गाड्यांच्या डेंटिंगचं काम केलं, त्यात पत्रे सरळ झाले आणि कान गेले. आता स्वतःला ऐकू यावं म्हणून ते एवढ्या मोठ्याने बोलतात, की त्यांच्या घरातली गुपितं आमच्या गल्लीत सर्वात आधी माहीत होतात. मी कुंपणापाशी उभं राहून त्यांना बेत सांगितला. म्हणजे तीन वेळा सांगितला.

“एकटाच जाणार?” ते गरजले. “आणि बुडालास तर?”

“फुलमती आहे बरोबर.”

“ती तुला काढील की रोटीचा डबा सांभाळील? मी येतो! वाइसालेची बोट ठरवतो, माझा माणूस आहे!”

समोरच्या घरातून कोणीतरी खिडकी उघडून विचारलं, “कोण बुडालं?”

दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीने मला भरपूर सल्ले दिले. मीठ न्या, दोरी न्या, टोपी नेऊ नका, टोपी न्या पण गावात घालू नका. रऊफभाईंनी मात्र सल्ल्यावर न थांबता वस्तूच आणून दिली: ट्रॅक्टरच्या चाकाची काळी ट्यूब, हवा भरलेली. “कमरेला घाल. कोणाचा बाप तुला बुडवू शकणार नाही!”

मी कायद्याने चालणारा माणूस आहे. दुसऱ्याच्या गावात न विचारता जायचं नाही, म्हणून परवानगी लागते का हे विचारायला मी एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने माझं ऐकून घेतलं, जांभई दिली आणि सांगितलं, “तिथे कोणी राहत नाही. परवानगी देणार कोण?”

“माझ्या माहितीप्रमाणे तिथे गाव आहे,” मी म्हणालो.

“तुमच्या माहितीला काय आधार?”

“व्हॉलीबॉलचं जाळं.”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं, उठला आणि भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिल टेकवली. “हे बघा. ‘निर्जन’. हा साधासुधा नकाशा नाही. एका नामांकित मास्तरांनी स्वतः निरीक्षण करून काढलाय.”

कोपऱ्यात माझी सही होती. तीन माणसं रांगेत माझ्यामागे उभी होती. ‘तो मास्तर मीच’ असं तिथे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. मी म्हणालो, “अक्षर छान आहे,” आणि बाहेर पडलो.

शुक्रवारी लितियाने मामांसाठी निरोप दिला. ती स्वतः येऊ शकत नव्हती, शनिवारी तिची परीक्षेची ड्यूटी होती. “मामांचं नाव आपेनिसा. यंगोनाची मुळं घेऊन जा, ती पुढे ठेवल्याशिवाय बोलायला सुरुवात करू नका. आणि सर, तिथे सध्या आवाज करू नका हं.”

सव्वीस वर्षं मी वर्गाला हेच वाक्य सांगत आलो. ते मला कोणी सांगावं याचं वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात ‘सध्या’ हा शब्द माझ्या कानावरून निघून गेला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. वाइसालेची फायबरची बोट, मागे इंजिन, त्याच्या पुढ्यात फुलमती रोटी आणि टिनच्या मासळीची भाजी घेऊन बसलेली, पुढे रऊफभाई, आणि मधोमध मी, कमरेला ट्यूब घालून, मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेली यंगोनाची जुडी धरून. धक्क्यावर माझ्याच शाळेतले दोन पालक भेटले. दोघांनीही मला ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हटलं आणि ट्यूबकडे न बघण्याची पराकाष्ठा केली.

समुद्र शांत होता. पहिली दहा मिनिटं मी डोळे मिटून होतो. नंतर उघडले, तर गंमत वाटायला लागली. पाण्याचा रंग पट्ट्यापट्ट्याने बदलत होता, आणि खाली पोवळ्याचा खडक कुठे वर येतो हे त्या रंगावरून कळत होतं. हे मी इतकी वर्षं फळ्यावर हिरव्या खडूने दाखवत होतो. खरा रंग त्या खडूच्या आसपासही नव्हता. मी वाइसालेला इतके प्रश्न विचारले, की शेवटी तो म्हणाला, “मास्तर, एवढं मी कधी बघितलंच नाही. मी फक्त चालवतो.”

बेटाच्या खडकाजवळ आल्यावर त्याने अचानक इंजिन बंद केलं आणि लांब बांबू हातात घेतला.

“काय झालं?” रऊफभाई ओरडले. “पेट्रोल संपलं?”

वाइसालेने दचकून तोंडावर बोट ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “त्यांचा सरदार, मुखियाच्याही वरचा, वारला ना. आज ब्याण्णव दिवस झाले. शंभर रात्री होईपर्यंत बेटावर मोठा आवाज करायचा नाही. इंजिन नाही, ढोल नाही, हाकासुद्धा मारायची नाही. तुम्हाला ठाऊक असेल म्हणून बोललो नाही. मास्तर आहात.”

मी रऊफभाईंकडे बघितलं. त्यांना ही बातमी द्यायची तर ओरडूनच द्यावी लागणार होती. मी खुणा केल्या. तोंडावर बोट ठेवलं, मग मान टाकून मेल्याचा अभिनय केला.

“तुला मळमळतंय?” ते गरजले. किनाऱ्यावरच्या माडांतून चार बगळे उडाले.

माझ्या बायकोला हुशार का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. तिने डबा उघडला, एक रोटी गुंडाळली आणि रऊफभाईंच्या तोंडात सरकवली. ते चकित झाले, पण चावायला लागले. त्या दिवशी त्या माणसाने तोंड उघडलं की फुलमतीचा हात डब्याकडे जायचा. दुपारपर्यंत त्यांनी अकरा रोट्या खाल्ल्या.

गाव बेटाच्या पलीकडच्या बाजूला होतं. लौटोकाच्या धक्क्यावरून ते वीस मिनिटंच काय, वीस वर्षं बघितलं असतं तरी दिसलं नसतं. वाळूत पंधरा-सोळा घरं होती, पांढरं छोटं चर्च होतं, आणि दोन माडांच्या मध्ये ते जाळं. त्याच्या दोन्ही बाजूंना तरुण उभे होते आणि खेळत होते, पण एक शब्द नाही, टाळी नाही. गुण मिळाला की ते हात वर करून जागच्या जागी नाचत आणि गप्पच परत जागेवर येत. मी तिथेच थांबून बघत राहिलो. बोटीतून उतरताना काढायची ट्यूब कमरेलाच आहे, हे मुखिया समोर आले तेव्हा लक्षात आलं.

काढायला गेलो तर निघेना. उन्हाने हवा प्रसरण पावते हे मी दरवर्षी सातवीला शिकवतो. फुलमतीने वरून ओढलं, वाइसालेने खालून ढकललं. आपेनिसा मुखिया कपाटाएवढे आडवे होते. त्यांनी गंभीरपणे एक फेरी मारून मला सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “राहू द्या. आत या.”

तर अशा रीतीने मी, भगौती प्रसाद, ज्येष्ठ भूगोल शिक्षक, चटईवर ट्यूबसकट बसलो. समोर गावातली जाणती माणसं, आणि त्यांच्यात काळे कपडे घातलेली एक म्हातारी. सरदाराची विधवा, मेरेओनी आजी. मी यंगोनाची जुडी पुढे ठेवली. मुखियांनी पुटपुटत ती स्वीकारली. मांडी नीट घालावी म्हणून मी थोडा पुढे झुकलो, आणि ट्यूबच्या तोंडावरचं बूच निसटलं.

त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की तो लांबला. मध्ये एकदा थांबला, सगळ्यांना वाटलं संपला, आणि मग वरच्या पट्टीत पुन्हा सुरू झाला. ब्याण्णव दिवस हाक न मारलेल्या त्या गावात तो प्रत्येक घरात पोचला असणार. कोणी हसलं नाही. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त मेरेओनी आजीने डोळे मिटले आणि त्यांचे खांदे दोनदा हलले. मला वाटलं, मी त्यांना रडवलं.

मुळं कुटून पाण्यात कालवली आणि नारळाच्या कवटीतून ती यंगोना सगळ्यांना प्यायला फिरली. पिण्याआधी आणि प्यायल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात. सगळ्यांनी तळहात नुसते टेकवले. रऊफभाईंनी एक सणसणीत टाळी दिली आणि लगेच त्यांना रोटी मिळाली.

त्यानंतर मुखियांनी मला बेट दाखवलं. आता ट्यूब लोंबत होती, पण माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. कुजबुजत मी प्रश्न विचारत होतो आणि मुखिया बोटांनी उत्तरं देत होते. विहीर एकच, पुरुषभर खोल. मी पोटावर झोपून पाणी चाखलं. मचूळ.

“उन्हाळ्यात?” मी विचारलं.

त्यांनी जीभ बाहेर काढून तोंड वेडंवाकडं केलं. खारट.

“मग?”

त्यांनी एक जुनी होडी दाखवली. समुद्रात नव्हे, चर्चच्या छपराखाली ठेवलेली. छपरावरचं पावसाचं पाणी तिच्यात पडत होतं. अख्खं गाव एका होडीतून पाणी पीत होतं. पाऊस लांबला की पिंपं भरून आणायला समुद्र ओलांडायचा. मला राहवेना. मी होडीची लांबी-रुंदी पावलांनी मोजली, छपराचा उतार बघितला आणि म्हणालो, “अहो, एक मोठी टाकी बसवली तर वर्षभराचं काम होईल. सरकारकडे अर्ज का करत नाही?”

मुखियांनी माझ्याकडे बघितलं. ते मला पुन्हा घरात घेऊन गेले आणि आढ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. आत अर्ज होते. दरवर्षी एक. सगळे एकाच वळणदार अक्षरात, त्या वारलेल्या सरदाराच्या. प्रत्येकाला उत्तर टाचलेलं होतं. मी वरचं उघडलं. ‘सोबतच्या नकाशानुसार सदर बेट निर्जन असल्याने हा अर्ज कोणी केला याचा बोध होत नाही. सबब परत.’

सोबत नकाशा होता. कोपऱ्यात सही होती.

तिथून गुपचूप उठून यावं असा विचार मनात आला, खोटं कशाला सांगू? वाइसाले तयार होता, ऊन कलत होतं, कोणाला काही कळलं नसतं. पण फुलमती जवळ आली. तिने कागद घेतला, सही बघितली, मग मला बघितलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने मला बऱ्याच गोष्टी ओरडून सांगितल्या आहेत. एकीचाही असा परिणाम झाला नव्हता.

“माफी मागायची आहे,” मी मुखियांना म्हणालो.

माफी मागायची तरी यंगोनाची जुडी पुढे ठेवावी लागते. माझ्याकडची एकच, ती आधीच दिली होती. मी रिकाम्या हातांनीच चटईवर बसलो. मंडळी पुन्हा जमली. या वेळी जास्त होती. खेळणारे तरुणही दारात येऊन उभे राहिले. मी शक्य तितक्या हळू सगळं सांगितलं. प्रदर्शन, शुक्रवार, वीस मिनिटं, तो एक शब्द आणि पहिलं बक्षीससुद्धा. माझा आवाज इतका खाली गेला होता की शेवटचं वाक्य मलाच नीट ऐकू आलं नाही.

तेव्हा मागून रऊफभाईंनी विचारलं, “काय म्हणतोय तो?”

फुलमतीने डबा उघडला. डबा रिकामा होता. तिने नाइलाजाने त्यांच्या कानात दोन वाक्यं सांगितली.

“काय?” रऊफभाई अख्ख्या बेटाला ऐकू जाईल असं ओरडले. “हे सगळे इथे नाहीतच असं लिहिलं होतंस? एकोणीस वर्षं? अरे मास्तर, मग मघाशी तुझी ट्यूब कोणासमोर सुटली?”

मी मान खाली घातली.

मेरेओनी आजींनी हात पुढे केला आणि मुखियांकडून तो नकाशा मागून घेतला. डोळ्यांजवळ धरून बघितला. मग अगदी साध्या आवाजात, कुजबुजून नव्हे, मला विचारलं, “आम्ही इथे नव्हतोच, तर मग गेला कोण रे?”



त्यांचे खांदे पुन्हा हलायला लागले, सकाळसारखेच. आणि मग त्या हसल्या. पहिल्यांदा घशातल्या घशात, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मोठ्याने, मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ब्याण्णव दिवसांत त्या बेटावर कोणी असं हसलं नव्हतं. सगळे मुखियांकडे बघायला लागले. मुखियांचं कपाटाएवढं अंग थरथरत होतं. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. दारातल्या एका तरुणाने चौकट गच्च धरली होती.

“हसा रे,” आजी, पदर नसलेल्या बायका पुसतात तसे, मनगटाने डोळे पुसत म्हणाल्या. “शांतता त्याच्यासाठी आहे ना? तो असता तर सकाळी त्या ट्यूबलाच हसला असता. मी सकाळपासून कशी धरून बसलेय, माझं मला माहीत.”

मग ते घर जे हसलं! रऊफभाईंना ऐकू आलं नाही, पण दिसलं, म्हणून तेही हसले. मी हसलो की रडलो याबद्दल माझं आणि फुलमतीचं आजही एकमत नाही.

निघायच्या आधी मी मुखियांना म्हणालो, “मला सगळ्यांची नावं हवीत. मी स्वतः अर्जाला जोडतो, खाली सही करतो.” कागद नव्हता. यंगोनाची जुडी ज्यात बांधून नेली होती त्या वर्तमानपत्राचा पांढरा काठ मिळाला. फुलमती लिहीत गेली, मी घराघरात जाऊन मोजत गेलो. झोपलेली पोरं मोजली, मासे पकडायला गेलेले विचारून मोजले. या वेळी मी दुर्बीण वापरली नाही. एक्केचाळीस झाले.

“एक राहिला,” मेरेओनी आजी म्हणाल्या.

“कोण?”

“इलियेसा. माझा नवरा.”

मी घुटमळलो. “आजी, पण ते तर...”

“तू ‘कोणी नाही’ असं लिहिलंस तेव्हा तो होता ना इथे? दरवर्षी अर्ज कोणी लिहिला?” त्यांनी फुलमतीच्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट दाखवलं. “मग लिही. सगळ्यात वर लिही.”

वर जागा नव्हती. फुलमतीने बातमीचा मथळा खोडला आणि त्याच्यावर ठळक अक्षरात ते नाव लिहिलं.

सोमवारी मी कचेरीत गेलो. तोच कारकून होता. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, “ही माणसं तिथे राहतात याला आधार काय?”

“नामांकित मास्तरांनी स्वतः जाऊन निरीक्षण केलंय,” मी म्हणालो, आणि मागे रांग होती तरी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून माझं नाव सांगितलं.

फाइल हलायला आठ महिने लागले. मध्ये मला चारदा बोलावणं आलं, दोनदा माझीच सही माझ्या सहीशी जुळत नाही असं सांगण्यात आलं. पण टाकी पोचली. वाइसाले ती बोटीला बांधून ओढत घेऊन गेला, आणि मी बरोबर होतो. चर्चपाशी ती उभी केल्यावर मुखियांनी बाजूला चिकटवलेला कागद मोठ्याने वाचून दाखवला: क्षमता, बेचाळीस माणसांसाठी.

मेरेओनी आजींनी तो कागद कोणाला काढू दिला नाही.